वेल्डन टीगची शेवटची भट्टी

सीग्रोव्ह गावचा वेल्डन टीग चाळीस वर्षं मातीच्या बरण्या आणि फुलदाण्या घडवून आपल्या बुटक्या भट्टीत दगडासारख्या टणक भाजत आला होता. भट्टी इतकी ठेंगणी, की आत रांगतच शिरावं लागे. यंदाही बरण्यांवर काचेसारखी चकाकी चढावी म्हणून त्यानं तापल्या भट्टीत मीठ टाकलं आणि आत एक वीट धप्पदिशी पडली. मीठ विटाही खातं, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

भट्टी निवायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशीही तो तिकडं फिरकेना, तेव्हा बायको लोरीन म्हणाली, "बरण्या आत उबवायला ठेवल्यास की काय?"

"माझे पाय धर," तो म्हणाला. "ओरडलो की ओढ."

पोटावर सरकत तो आत गेला आणि त्यानं बॅटरी वर मारली. पाठीच्या बरोबर वर छताच्या कमानीच्या तीन विटा लोंबत होत्या. मिठामुळं विटांवरही चढलेल्या काचेच्या थरानंच काय त्या धरून ठेवलेल्या. हाताला लागली ती एक बरणी छातीशी धरून तो श्वास रोखत मागं सरकत बाहेर आला.

"आणि बाकीच्या?" लोरीननं विचारलं.

"त्या आता भट्टीच्या," म्हणत तो तिचं तोंड विटांनी कायमचं बुजवायला बसला.