सीटखालची तांबडी वायर

गेल्या हिवाळ्यात आमची व्हॅन रोज सकाळी मला रडवायची. किल्ली फिरवली की कण्हल्यासारखा आवाज, मग नुसतं टक्, मग तेही नाही. मागे मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ओल्या पोत्यांखाली ठेवलेल्या. मेहकरला भाजीची हर्रासी, लिलावच तो, दिवस उगवायच्या आधी सुरू होते. उशीर झाला की माल पडेल त्या भावात द्यावा लागतो.

व्हॅन मीच चालवते. नवऱ्याला गाडी येत नाही, शिकायचीही नव्हती. दिराला येते, पण हर्रासीसाठी तो कधी उठला नाही. माझी गाडी अडली की मात्र शाल गुंडाळून ओट्यावर हजर.

"वहिनी, रातभर लाईट चालू ठेवला असंन तुम्ही."

"नाई ठेवला भाऊजी. मी सोता बंद केला."

"मंग बॅटरी काय आपोआप उतरते? तुमच्यानं गाडी सांभाळणं होत नाई."

मग तो आणि नवरा मागून धक्का मारायचे, इंजिन खोकत सुरू व्हायचं आणि मी मेहकरपर्यंत दात आवळून गाडी हाकायची. मिस्त्रीनं प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, शेवटी बॅटरी जुनी झाली म्हणाला. नवी टाकली. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच रडगाणं. आता तर दिराला रानच मोकळं. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच होणार, हे तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. नवरा खाली मान घालून उभा. त्याचं ते गप्प राहणं मला जास्त लागायचं.

एका संध्याकाळी मी पान्यानं बॅटरीची वायर सोडून ठेवली. सकाळी जोडली, किल्ली फिरवली, गाडी एका दमात सुरू. म्हणजे बॅटरी चांगली, स्टार्टर चांगला आणि माझा हातही चांगला. गाडी बंद असताना काहीतरी रात्रभर करंट खात होतं.

माझे वडील जळगाव जामोदला पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे. त्या दुकानात खेळतच मी मोठी झाले. दुपारी घरात कुणी नसताना मी एक छोटा बल्ब बॅटरी आणि सोडलेल्या वायरीच्या मध्ये जोडला. गाडीतलं सगळं बंद असल्यावर तो विझलेला राहायला हवा. तो मंद पेटला. एकेक फ्यूज काढत गेले, तरी पेटलेलाच. मग सीटखाली, बॅटरीपाशी, वाकून नीट पाहिलं. बॅटरीच्या वायरीच्या नटाखाली आणखी एक बारीक तांबडी वायर दाबून बसवली होती. ती मॅटखालून डॅशबोर्डच्या मागे गेली होती. तिथं टेपनं गुंडाळलेली काडेपेटीएवढी काळी डबी होती. आत सिमकार्ड.

अशी डबी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरला मी पाहिली होती. गाडी कुठं आहे ते मोबाईलवर दिसतं. आणि मला एकदम आठवलं, एकदा हर्रासी झाल्यावर मी सुलतानपूरला मैत्रिणीकडे वांग्याची रोपं बघायला गेले होते. त्याच संध्याकाळी दिरानं विचारलं होतं, "आज तिकडं काऊन गेल्या होत्या?" मला वाटलं, कुणी पाहिलं असेल.

डोकं भणभणलं. टेप ओरबाडून मी डबी वायरीपासून सोडवली.

संध्याकाळी नवरा आणि दीर घरी आल्यावर मी ती डबी खाटेवर टाकली. "हे काय आहे?"

दीर म्हणाला, "गाडी चोरीले गेली तं सापडावं म्हणून."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? चोर मीच आहे काय?"

"तसं नाई वहिनी. अन् एवढ्याशा चीजेनं काय बॅटरी उतरते?"

"बल्ब पेटते तिच्यानं. चला, दाखवते."

तो जागचा हलला नाही. नवराच हळूच बोलला, "त्यानं मले इचारलं होतं. मी हो म्हणलं. लोक बोलतात, बाई एकटी अंधारात जाते."

"मेथी विकाले जाते म्हणून सांगाचं त्याइले! अन् रोज सकाळी हा माह्या नावानं बोंबलत होता, तवा तुमाले माहीत होतं, गाडीत काय लावलं ते. धक्का मारला, पण तोंड उघडलं नाई."

मी दारातल्या व्हॅनपाशी गेले, दोघांच्या समोर ती तांबडी वायर पक्कडीनं तोडली आणि उरलेल्या टोकाला टेप लावली.

दुसऱ्या सकाळी गाडी लगेच सुरू झाली. आनंद वगैरे काही झाला नाही मला. नवरा पहिल्यांदाच येऊन शेजारी बसला. हिवरा आश्रम मागे पडल्यावर म्हणाला, "माही चूक झाली."

मी समोर बघत म्हटलं, "मागं जुड्या कलंडल्या काय, पाहा जरा."

त्यानं वळून पाहिलं. मग हात मागं घालून एकेक जुडी सरळ केली. आता तो अधूनमधून माझ्याबरोबर हर्रासीला येतो, पोती उतरवतो. त्याच्याशी मी पुन्हा बोलू लागले, तेही पुष्कळ दिवसांनी.

दिरानं त्या डबीबद्दल अजून चकार शब्द काढलेला नाही. परवा त्याला सासुरवाडीला जायला व्हॅन हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "दे ना वं बाई, घरचाच आहे तो."

मी किल्ली दिली नाही. "बसनं जाऊ द्या," म्हटलं, आणि मेथी निवडायला बसले.