प्लॅस्टिकमधला दाखला

महत्त्वाचा कागद दिसला की त्याला लॅमिनेशन केल्याशिवाय मला चैन पडत नसे. रेशनकार्ड, लग्नाचं प्रमाणपत्र, लेकीची स्कॉलरशिपची गुणपत्रिका, सगळं कडक प्लॅस्टिकमध्ये बंद. त्यामुळे आठवीचा निकाल लागला आणि तिच्या मराठी शाळेनं शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवला, तशी मी तडक अप्पा बळवंत चौकातलं दुकान गाठलं. आम्हा मायलेकींना शारजाला नवऱ्याकडे राहायला जायचं होतं. प्रवासात कागद भिजला, फाटला तर काय घ्या. यंत्रातून निघालेला तो गरम दाखला मी ओढणीनं पुसला आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

नवरा दोन वर्षं आधीच गेला होता. दुबईत अल क्वोजमधल्या एका गोदामात स्टोअर मॅनेजर होता, घर शारजात. मे महिन्यात आम्ही पोचलो, तर तिथली इंडियन स्कूल एप्रिलमध्येच सुरू झालेली. प्रवेशाला गेलो, तेव्हा ऑफिसातल्या मल्याळी मॅडमनी दाखला उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला.

"अटेस्टेशन किधर है?"

दाखल्याच्या पाठीवर शिक्षणाधिकाऱ्याचा, मग मंत्रालयाचा, मग मुंबईतल्या यूएईच्या वकिलातीचा शिक्का लागतो, असं नवऱ्यानं मला फोनवर सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. मी तेव्हा सामान बांधत होते.

"ये प्लास्टिक पे स्टॅम्प कैसे लगेगा?" मॅडमनी विचारलं. मी ओढणीनं तो परत एकदा पुसला.

त्यांनी समजावून सांगितलं. नववीतल्या मुलींची नावं सप्टेंबरमध्ये दिल्लीला बोर्डाकडे जातात. ज्या मुलीचं नाव जाणार नाही, तिला दहावीच्या परीक्षेला बसता येत नाही. तोपर्यंत शिक्क्यांचा दाखला आणा, मग काही अडचण नाही. तेवढ्यापुरतं लेकीला वर्गात बसू दिलं. हजेरीच्या टाईप केलेल्या यादीखाली मॅडमनी तिचं नाव पेन्सिलीनं लिहिलं. 

नवरा म्हणाला, "आहे तसा पुण्याला पाठव. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत थांब, तीच बघेल काय करायचं ते. तू हात लावू नकोस."

आता मला कुणी असं सांगितलं की माझं डोकं फिरतं. दुसऱ्या दिवशी दोघं बाहेर पडल्यावर मी ओट्यावर दाखला घेतला. ब्लेडनं कोपरा सुटा केला, वर फडकं टाकून हलकी इस्त्री फिरवली आणि ओढलं. सुरुवातीला छान निघालं. मग कागदाचा वरचा पापुद्राच प्लॅस्टिकबरोबर आला. मुख्याध्यापकांची सही आणि अर्धा गोल शिक्का प्लॅस्टिकला चिकटून राहिला, आणि माझ्या हातात आला केसाळ पांढरा कागद.

नवऱ्याला मी सांगितलं नाही. पुण्याला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंबरोबर तो कागद भावाकडे धाडला आणि घरी एवढंच म्हटलं, "पाठवला."

जूनमध्ये शाळा उघडली आणि भावाचा फोन आला. क्लार्क म्हणत होता, दाखल्यात फेरफार केलाय. अस्सल दाखला एकदाच मिळतो, दुसरा हवा तर आधीचा हरवला पाहिजे. हा हरवलेला नव्हता, कुणीतरी खरवडलेला होता. मुख्याध्यापकांनी प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवलं. आता चौकशी होणार. मग मला नवऱ्याला सगळं सांगावंच लागलं. तो मला बोलला असता तर बरं झालं असतं. "खलास," एवढंच म्हणाला आणि बूट काढत बसला.

इकडे पोर रुळत चालली होती. पहिले पंधरा दिवस बाथरूमचा नळ सोडून रडायची. मराठीतून शिकलेली, तिला फिजिक्स इंग्रजीतून आणि वर अरबी सक्तीचं. मुलींची शाळा सकाळची, त्यामुळे पावणेसहाला बस. पण जूनअखेर ती एकदा दारातूनच ओरडली, "आई, आय गॉट सेव्हंटी-टू!" मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मैत्रिणीशी फोनवर हसायची.  तिला शाळा नकोशी असती, तर मला इतकी भीती वाटली नसती.

जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत शारजा भट्टीसारखं तापलं होतं. रोज संध्याकाळी ती विचारायची, "एनी न्यूज फ्रॉम मामा?" मी म्हणायचे, येईल. फाईल पुण्यात कुणाच्या तरी टेबलावर पडून होती. मी स्वतः जाऊन काय करणार होते, पुन्हा इस्त्री?

सप्टेंबरमध्ये यादी गेली. मॅडमनी मला बोलावून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पेन्सिलीचं नाव खोडलेलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा नववीत बसू शकेल, म्हणाल्या. पुण्यातली जुनी शाळा मात्र, तिची नोंद त्यांच्याच रजिस्टरात असल्यानं, दिवाळीनंतर तिला नववीतच परत घ्यायला तयार होती. निर्णय लेकीनंच घेतला. वर्ष वाया घालवून लहान मुलींबरोबर बसायचं नाही, मामाकडे राहीन.

त्या दिवशी मी तिला सांगितलं, की दाखला माझ्याच हातून फाटला. बाबा थांब म्हणत होते. तिनं वही मिटली आणि शांतपणे म्हणाली, "यू कुड हॅव जस्ट वेटेड, आई." मी रडले. ती रडली नाही.

सहा महिन्यांच्या आत एकदा पाय लावला नाही तर इथला व्हिसा रद्द होतो. म्हणून मे महिन्यात ती आली, विमानात एकटीच बसून. बॅग तिनं सोफ्याशेजारी ठेवली आणि घडी घातलेले कपडे बॅगेवरच रचले. मी तिचं कपाट पुसून रिकामं ठेवलं होतं. "राहू दे गं, दोनच आठवडे आहेत," ती म्हणाली, आता मराठीत. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, "आई, फ्रीजमधलं पाणी घेऊ का?"

मी घे म्हटलं. पुढे ती कॉलेजला गेली, नोकरीला लागली, दर वर्षी येत राहिली. माझ्या घरात तिनं न विचारता कधीच काही घेतलं नाही.