जाऊन राहिले

वर्गात आल्यावर आमचे इंग्रजीचे मास्तर आधी हजेरी घेत नसत. दारातूनच विचारायचे, "सांगा रे, घरी कोण काय करून राहिलं?" मुलं एकदम ओरडायची. कोणाची माय अंगण सारवून राहिली, कोणाचा बाप संत्र्याला पाणी देऊन राहिला, कोणाची आजी शेजारणीशी भांडून राहिली. मग मास्तर खडू उचलायचे. "जिथं तुमचं 'राहिलं' येते, तिथं आयएनजी लावा. झालं इंग्रजी." त्यावरून पोरांनी त्यांचं नाव 'राहिले मास्तर' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी मोहगावहून सौंसरच्या शाळेत येत असे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. बाबा विचारायचे, "गोरे तर चालले गेले, मंग त्याईची भाषा कायले शिकून राहिला बे?" एकदा धीर करून मी तोच प्रश्न मास्तरांना विचारला. ते म्हणाले, "ते होते तेव्हा आपण त्यांचं ऐकत होतो. आता आपल्या घरचं त्यांच्या भाषेत सांगायचं आहे." मी मान हलवली, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मला फक्त त्यांची एक शाबासकी हवी होती.

ती शाबासकी म्हणजे दोनच शब्द होते, "आता बोलला!" एखादं वाक्य त्यांच्या मनासारखं आलं की टेबलावर हात आपटून ते हे म्हणायचे. मास्तर आमच्याकडे पांढुर्ण्याहून बदलून आले होते आणि येता जाता "माझी पांढुर्ण्याची पोरं" असं म्हणायचे. त्या पोरांनी तिथं किती वेळा "आता बोलला" ऐकलं असेल, याचा विचार करून मी न पाहिलेल्या मुलांवर जळत असे. पण ती दूर होती. बाजीराव माझ्या शेजारीच बसायचा.

बाजीराव लोधीखेड्याचा. त्यांचा संत्र्याचा मोठा बगीचा होता आणि अभ्यासाचं त्याला वावडं होतं. पुस्तकात एक धडा होता: बाहेर बर्फ पडतंय, घरात भिंतीतल्या कोनाड्यात शेकोटी पेटली आहे, वडील खुर्चीत वर्तमानपत्र वाचताहेत. तो अख्खा धडा मी पाठ केला होता. वर्गात उभा राहून न अडखळता म्हणून दाखवला. मास्तर म्हणाले, "फार छान. आता तुझ्या घरची सांज सांग."

आमच्या घरी खुर्ची नव्हती, वर्तमानपत्र नव्हतं, बर्फाचा तर प्रश्नच नव्हता. चुलीचा धूर आणि बाबांचा खोकला, यात इंग्रजीत सांगण्यासारखं काय आहे, मला समजेना. तेवढ्यात बाजीराव उठला.

"मी सांगू जी? मदर इज मेकिंग भाकर. फादर इज स्कोल्डिंग बुल."

वर्ग खदखदून हसला. मास्तरांनी टेबलावर हात आपटला. "आता बोलला!"

त्यांनी ती वाक्यं फळ्यावर लिहिली आणि 'भाकर' तशीच ठेवली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सर, भाकरीला ब्रेड म्हणतात." ते म्हणाले, "तुझी माय ब्रेड करते का रे? मग तिच्या हातची भाकर कायले बदलतो?" बाजीराव माझ्याकडे बघून हसला. पेपरात मला त्याच्या दुप्पट गुण मिळत. पण मास्तर हसायचे त्याच्या वाक्यांवर, आणि ते हसणं कुठल्याही गुणपत्रिकेत येत नव्हतं.

असंच 'अंकल'चं झालं. माझा अंकल आला, असं वाक्य होतं. मास्तरांनी विचारलं, "कोणता अंकल? मामा का काका?"

बाजीराव म्हणाला, "घरात पुरण शिजून राहिलं तर मामा जी. बांधावरून भांडण होऊन राहिलं तर काका."

"आता बोलला! अरे, परक्या भाषेच्या घरात शिरताना आधी विचारावं, इथं कोण कोण राहते. त्यांच्या घरी मामा नाही, तर त्याचा मान तरी कुठून येईल?"

मला हे सगळं माहीत होतं. आम्हालाही मामा होता, आम्हीही पुरण शिजवत होतो. मग ते माझ्या तोंडून का येत नव्हतं?

एकदा तपासणीला पुण्याकडचे साहेब आले. बाजीरावने वाक्याचा मराठीत अर्थ सांगितला, "फादर इज ईटिंग, म्हणजे बाबा जेवून राहिले." साहेबांनी भुवया चढवल्या. "जेवून राहिले? म्हणजे जेवण झाल्यावर मुक्कामाला राहिले का?" आम्ही सगळे खाली बघू लागलो. मास्तर शांतपणे म्हणाले, "नाही साहेब, अजून ताटावरच आहेत. तुमच्याकडं जाऊन राहिला म्हणजे गेला आणि तिकडं राहिला. आमच्याकडं म्हणजे तो अजून जातोच आहे." साहेब हसले. पण मास्तर आमच्या बाजूनं असं उभे राहिले, तेही बाजीरावच्या वाक्यासाठी, हे मला टोचलंच.

माझी एक अडचण मात्र बाजीरावला कधीच आली नाही. मला मास्तरांना 'यू' म्हणता येत नसे. ज्या शब्दानं कुत्र्याला हाकलायचं, त्याच शब्दानं गुरूशी कसं बोलायचं? मी वाक्य फिरवून 'सर' घालायचो. बाजीराव बेधडक म्हणायचा, "सर, यू आर लेट!"

मग राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचा भाग मध्यप्रदेशातच राहिला. मास्तरांची म्हातारी आई नागपूरकडच्या काटोलला होती. त्यांनी तिकडची नेमणूक मागून घेतली. आम्हाला वाईट वाटलं. मला त्यासोबत काटोलच्या पोरांचा रागही आला. त्यांनी काय केलं होतं म्हणून त्यांना मास्तर मिळावेत?

सौंसरच्या स्टेशनावर छोटी गाडी उभी होती. बाजीराव संत्र्यांची टोपली घेऊन आला होता. मी रिकाम्या हातानं. मास्तर खिडकीतून म्हणाले, "तू काही बोलत नाहीस? एक वाक्य तरी बोल."

मी म्हणालो, "सर इज गोइंग."

"अरे, समोर बसलो आहे मी. यू आर गोइंग म्हण."

"नाही म्हणवत जी."

बाजीराव फिसकन हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात आपटला. "आता बोलला! नको म्हणू. तुझ्या घरचा मान तू त्यांच्या भाषेत नेऊन राहिला. मी तुला हेच तर मागत होतो."

गाडी हलली. बाजीरावचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि मला बरं वाटलं.

आता मी नागपूरला कॉलेजात आहे. घरच्या सांजेवर निबंध लिहिला तेव्हा 'भाकर' तशीच ठेवली. प्राध्यापकांनी तिच्याखाली लाल रेघ मारली, तरी मी ती बदलली नाही. ते पाहून शेजारचा मुलगा म्हणाला, "आमचे सरही भाकर बदलू देत नाहीत." तो काटोलचा निघाला. 'आमचे सर' हे शब्द मला झोंबले. मी विचारलं, "मी सौंसरचा. आमच्याबद्दल काही सांगतात का?"

"सांगतात म्हणजे? येता जाता 'माझी सौंसरची पोरं'! आम्हाला तर तुमचा रागच येते. एक कोणी होता म्हणे, 'फादर इज स्कोल्डिंग बुल'वाला. तूच का तो?"

"नाही," मी म्हणालो. "तो बाजीराव."

माझ्याबद्दल काही सांगतात का, हे विचारायचं धाडस झालं नाही. तो मात्र त्यांच्याबद्दल भरभरून बोलत होता. मास्तर आता काटोलला कुठं राहतात, त्यांच्या आईच्या हातचा चहा कसा असतो. मी ऐकत राहिलो. मास्तर जाऊन राहिले. त्या मुलाच्या वाट्याला या शब्दांचा पुण्याकडचा अर्थ आला: मास्तर गेले आणि तिकडे राहिले. माझ्या वाट्याला आमचा आला. माझ्यासाठी गाडी अजून सौंसरहून हलतेच आहे, आणि मास्तर अजून जाऊनच राहिले आहेत.