दसऱ्याची बंदूक हरभऱ्यात

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. ठरलेली रक्कम पंधराशे रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको आणि परभणीत परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणारे चाचा. पैसे शेतात बार निघाल्यावर द्यायचे, नाही निघाला तर काहीच नाही, हे मी आधीच बोलून घेतलं होतं.

बंदूक वडिलांची, ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची, मागे टोपी बसवायची आणि तिच्यावर घोडा पाडायचा. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिच्यावर वडील चारठाण्याजवळच्या आमच्या शेतातला हरभरा राखत. पुढे सुतळी बॉम्ब स्वस्तात मिळू लागले आणि बंदूक खुंटीला गेली. ती खाली यायची फक्त दसऱ्याला, पूजेसाठी. वडिलांनंतर परवाना माझ्या नावावर झाला, पण मी तिचा चाप कधी ओढला नव्हता.

आता रोही, म्हणजे नीलगाई, सुतळी बॉम्बला भीत नाहीत. मान वर करून बघतात आणि परत खायला लागतात. गेल्या हंगामात पाच एकरांतला दोन एकर हरभरा त्यांनी साफ केला. यंदा पाचही एकर पेरला होता आणि तारेचं कुंपण माझ्या हिशोबात बसत नव्हतं. राहिली ही बंदूक. बायकोने बजावलं होतं की ती चालली नाही तर त्याच दिवशी ठाण्यात जमा करायची.

आपल्या दुकानात चाचांनी रिकाम्या बंदुकीवर टोपी बसवली, नळीसमोर पातळ कागद धरला आणि चाप ओढला. टोपी फुटली. कागद हलला नाही. दुसरी टोपी फोडली, तरी तेच.

"आग आत जायनाय," चाचा म्हणाले. "नळी आतून गेली आसंल. भाऊ, हिला ठाण्यातच नेऊन ठेवा."

बायकोने पिशवी उचलली. मी म्हणालो, "अजून एकदा बघा की."

चाचांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. ज्या बारक्या पोकळ बोंडावर टोपी बसते, त्याच्याजवळ त्यांनी नखाने खरवडलं.

"हे पिवळं काय हाय?"

"हळद हाय ती," बायको म्हणाली. "दसऱ्याला मीच लावती. आदी तेल, मग हळद, मग कुंकू."

"बराबर इथंच?"

"ते कपाळावानी दिसतंय ना, म्हून तिथंच."

चाचा हसायला लागले. "भाभी, ही बंदूक हाय का फोडणीचा डबा?"

"मला काय ठावं. शेजारी ताट धरून हे उभे आसतेत, ह्यांनी सांगायचं व्हतं."

बोंड काढून चाचांनी रॉकेलमध्ये बुडवलं आणि सुई घातली. लाल-पिवळे खडे निघत गेले, इतक्या वर्षांचे दसरे एकामागून एक. बोंड परत बसवून तिसरी टोपी फोडली तेव्हा कागद चाचांच्या हातातून उडून माझ्या पायाशी पडला. मी स्टुलावरून कधी उठलो ते मला कळलं नाही. चाचांनी आतून नळी पुसली, निरखली आणि ती धड असल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरायच्या आत, रोही बांधावर आले. छर्रे भरायचे नव्हते. जनावर मारायचं नव्हतं, पळवायचं होतं. चाचांनी दाखवलेल्या मापाने दारू भरली, कागद ठासला, नळी आभाळाकडे धरली. चाप ओढला आणि खांद्याला धक्का बसला. आवाज शिवारभर घुमला, समोर पांढऱ्या धुराचा लोट उठला. धूर विरला तेव्हा कळप नाल्यापलीकडे चौखूर सुटला होता, आणि सगळ्यांच्या पुढे एक मोठा निळा नर.

"आजून एक काढा," मागून बायको म्हणाली.

"भरायला वेळ लागतो."

"लागू द्या. मी हाय इथं."

मीही भरत होतोच. पुढच्या दोन संध्याकाळी कळप नाल्यापर्यंत आला आणि एकेका बारात माघारी गेला.

शुक्रवारी परभणीला जाऊन चाचांना पैसे दिले. नवं बोंड लागलं नव्हतं म्हणून त्यांनी सहाशे सोडले आणि नऊशे घेतले. सहाशे मी खिशात ठेवत होतो, तेव्हा बायकोने हात पुढे केला. हळद तिने ओळखली होती. ते सहाशे तिला दिले.