नेल्सननं काढलेली कडी

गास गावची जॉयस माणिकपूरच्या बाजारात भाजी विकायची, आणि भाजीपेक्षा तिच्या बातम्या ताज्या असायच्या. कोणाची सून माहेरी का गेली, हे सासूच्या आधी जॉयसला कळायचं. नवरा नेल्सन अबोल. तीस वर्षांत त्याला बोलायची पाळीच आली नाही, असं गाव म्हणायचं. त्याची काही तक्रार नव्हती.

अंगावर निळे डाग उठले तेव्हा ती शेजारणींना ते दाखवत म्हणाली, “नेल्सन मारतो गं मला!” आणि स्वतःच पोट धरून हसली, कारण नेल्सननं कधी डासही मारला नव्हता. तपासणीत रक्ताचा कॅन्सर निघाला.

औषधांच्या दुसऱ्या फेरीनंतर घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नेल्सनला बजावलं, “औषधानं वाईट पेशींबरोबर चांगल्याही मेल्यात. साधी सर्दीही यांना झेपायची नाही. पंधरा दिवस घरात कोणी नको.”

नेल्सननं दाराला कडी घातली. जॉयस खिडकीतून शेजारणींना ओरडून म्हणायची, “लांबूनच सांगा, पन सगळं सांगा!”

नेमका ऑक्टोबर होता, जपमाळेचा महिना. मरियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एकेका घरी येते, मागोमाग अख्खी वाडी. कडी घातल्यापासून दहाव्या दिवशी नेल्सनच्या घराची पाळी आली.

“अंगनातच प्रार्थना करू या,” तो बंद दारासमोर आडवा उभा राहून म्हणाला.

“आईला उंबऱ्याबाहेर ठेवतोस?” त्याची थोरली बहीण रोझी कडाडली. “आनि तेही बायको आजारी असताना?”

आतून जॉयस म्हणाली, “काढ रे कडी. दहा दिवस तुझंच थोबाड बघतेय.”

तिच्या आवाजातली भूक त्याला ऐकवेना. त्यानं कडी काढली.

चाळीस माणसं आत आली. कोणी तिचे गाल कुरवाळले, कोणी खोकत खोकत जपमाळ म्हटली. रोझी तिचा हात धरूनच बसली. जॉयसनं त्या तासाभरात दोन साखरपुडे आणि एक पळून जाणं गोळा केलं. इतकी खूश ती कित्येक दिवसांत नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. नेल्सननं लगेच दवाखान्यात नेलं. आठवड्यात ती गेली.

“असा ताप शरीरातल्याच जंतूंनीही येतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नेल्सननं मान डोलावली, पण त्याला ते पटलं नाही.

गावानं कशाकशाचा छडा लावला असेल, पण तो खोकला कोणाचा होता, हे आजवर कोणी विचारलं नाही.

रोझी रोज भावाचा डबा आणते आणि पायरीवर ठेवून वळते. परवा नेल्सन आतून म्हणाला,

“ये ना आत, ताई. आता कोनाला जपायचंय?”