रतनगडावर मी बोललेच नव्हते

मागच्या अंकात एका गृहस्थांनी लिहिलंय की डोंगरात वायरलेस सेट घेऊन जाणाऱ्या भित्र्या लोकांनी घरीच बसावं. वाचून डोकं फिरलं. अगदी असंच बोलणारा एक माणूस मला चार-पाच वर्षांपूर्वी भेटला होता. त्या दिवशी जे झालं ते मी आजवर कुठे लिहिलं नाही... आता लिहिते.

आधी माझ्याबद्दल. भूत, भानामती, अंगात येणं – आमच्या घरात यातलं काहीच चालत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीच देव आणि गंडेदोरे घराबाहेर गेले. वडील देवळाली प्रवराजवळच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्या खाली करायचे. मी घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट – बी.एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स – आणि हे मी छाती पुढे काढून सांगते. तेव्हा 'बाईमाणूस, घाबरली असेल' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी पान उलटावं.

नगरला आमचा ट्रेकिंगचा सहा जणांचा ग्रुप होता, त्यात मुलगी मी एकटीच. लीडर सुहास. आजोबांपासून शिकलेलं घर, शहरातला वाडा, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपोआप दोन पायऱ्या खाली उभं राहावं. मी भंगारातून दोन जुने वॉकी-टॉकी आणून घरी दुरुस्त केले होते. गडाच्या पायथ्याच्या रतनवाडीत, चढायला सुरुवात करण्याआधी, ते पिशवीतून काढले आणि तिथेच वाजलं.

माझं म्हणणं साधं होतं. वर कुणाचा पाय मोडला, कुणी धुक्यात चुकलं, तर सांगणार कसं? सुहास म्हणाला, डोंगरात आपल्या हिमतीवर जायचं असतं. मी म्हटलं, हिमतीनं पाय जोडला जात नाही. मग तो हसला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, "काही लोकांना प्रत्येक ठिकाणी कुबड्या लागतातच. सवय असते."

तो कशाबद्दल बोलत होता ते मला कळलं. कॉलेजच्या ॲडमिशनपासून ऐकत आलेय. बाकीचे बुटाच्या नाड्या बांधायला लागले. मी एक सेट उचलून त्याच्या सॅकच्या कप्प्यात कोंबला. "राहू दे शोभेला," म्हणाला.

पुढे रानातून वाट ओढा ओलांडत जाते. हीच आमची प्रवरा, इथे गुडघाभर. पाऊस होऊन गेलेला, दगड शेवाळलेले. माझा पाय सरकला आणि माझा सेट पाण्यात गेला. काढला, झाकण उघडलं, तर आतून पाण्याची धार. सेल काढून पुसून पुन्हा घालून पाहिले. काही नाही, साधी खरखरसुद्धा नाही. हे सगळं माझ्या शेजारी उभं राहून विलासनं पाहिलं. विलास म्हणजे सुहासचाच आतेभाऊ, हे लक्षात ठेवा. सुहास पुढून ओरडला, "कुबडी मोडली का?" मी सेल खिशात टाकले आणि चढत राहिले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

शिड्या चढून आम्ही गुहेत पोचलो तेव्हा दुपार असूनही धुकं इतकं की हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. थांबू, असं सगळे म्हणत होते. सुहास म्हणाला, नेढ्याकडची, म्हणजे माथ्यावरच्या खडकातल्या आरपार भोकाकडची, वाट शोधून येतो, आणि एकटा गेला.

तो आलाच नाही.

आम्ही हाका मारल्या, ताट बडवलं. विलास माझ्याकडे बघून म्हणाला, "सेट तरी चालू कर ना गं." मी ओला सेट उघडून त्याच्यासमोर धरला. जिनं सगळ्यांशी भांडून सेट आणले, तिचाच मेलेला. आम्ही पाचही जण गुहेच्या तोंडाशी बसून होतो. कुणी जागचं हललं नाही.

खूप वेळानं सुहास धुक्यातून आला. गुडघे फुटलेले, तोंड पांढरं. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "माझ्या मागे मागे आलीस आणि मजा बघत बसलीस?"

मला काही कळेना. मग तो जे बोलला ते असं – वाट चुकली, म्हणून नाइलाजानं त्यानं सेट लावला आणि बटण दाबून हाक मारली. मी उत्तर दिलं. खाली बस म्हणाले. तो बसला. वाऱ्यानं धुकं जरा हललं, तर पायापुढे कडा. पुढचं पाऊल पोकळीत होतं. मग मी त्याला डावा हात खडकाला लावून, कुठे वाकायचं, कुठे थांबायचं हे सांगत गुहेपर्यंत आणलं. "बघितल्याशिवाय हे कुणाला सांगता येईल? आणि वर तसल्या गावंढळ भाषेत. मुद्दाम."

विलासनं शपथेवर सांगितलं की ही इथून उठलेली नाही, हिचा सेट बंद आहे. मी खिशातून सेल काढून दाखवले. सुहास म्हणाला, तुम्ही सगळे सामील आहात.

"काय भाषेत?" मी विचारलं.

त्यानं तोंड वेडंवाकडं करून नक्कल केली. "हलू नगं. बस खाली. मी हाय."

घरी आम्ही असंच बोलतो. पण अकरावीला नगरला आल्यापासून त्या भाषेतला एक शब्दही मी बाहेर काढला नव्हता. या पाच जणांसमोर तर कधीच नाही.

"म्हण ते," सुहास म्हणाला. "ऐकू दे सगळ्यांना."

नाही म्हटलं असतं तर खोटी ठरले असते. मी म्हटलं. माझ्याच घरच्या आवाजात, त्याच्या डोळ्यांत बघत – हलू नगं. बस खाली. मी हाय.

सुहास मटकन खाली बसला. "हाच आवाज," म्हणाला. विलास माझ्यापासून थोडा सरकला, ते मला दिसलं.

नगरमध्ये सुहासनं सांगितलं की सेटची गरज पटवायला मी त्याचा जीव टांगणीला लावला. ग्रुपमधून माझं नाव गेलं. विलासनं तोंड उघडलं नाही. आजही सुहास रस्त्यात दिसला तर फुटपाथ बदलतो.

माझा तो भिजलेला सेट माझ्या कपाटात आहे. सुकल्यावरही लागला नाही, आणि दुरुस्त करायला मला येत असूनही मी तो उघडलेला नाही. ज्या गृहस्थांनी मागच्या अंकात लिहिलं त्यांना मी एवढंच सांगेन – सेट न्या. सर्किट मला कळतं. आवाज त्याच्यापर्यंत कसा गेला हे नाही कळलं तरी एक वेळ चालेल. पण त्या दुपारी ज्या माणसाचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती, त्याला माझ्या आवाजात 'मी हाय' कोण म्हणालं?