देवळीचा बीम आणि लटकलेली मंडळी

माणूस जमिनीवर असला की किस्से कमीच घडतात. त्याला दोन फूट वर लटकवा, मग बघा! फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन मी देवळीला परत आलो आणि पहाटे पाचला मैदानावर भरतीच्या पोट्ट्यांना शिकवायला लागलो. किती पोरं फौजेत लागली ते विचाराल तर बोटं मोजावी लागतील. किस्से मात्र एकाला हात घातला की मागून चार येतात.

नवख्यांसाठी एवढंच सांगतो, पुलअप्सला फौजेत ‘बीम’ म्हणतात. दांड्याला लटकायचं, हनुवटी दांड्याच्या वर न्यायची, हात सरळ करून खाली यायचं. भरतीत सहाच्या खाली मारले तर घरी, दहा मारले तर पूर्ण मार्क. धावायला आमची पोरं एक नंबर! बीमखाली आली की सगळ्यांचं पोट दुखायला लागतं.

* * *

बीम बसवायचं काम गजाननभाऊ वेल्डरकडे दिलं आणि मी दोन दिवस बहिणीकडे जामला गेलो. परत येऊन बघतो तर काय, पठ्ठ्याने बोअरचा उरलेला पाइप वेल्ड करून ठेवलेला! इतका जाड की माझ्या पंज्यात मावेना.

“गजाननभाऊ, हे काय आहे?”

“मजबूत आहे सर! हत्ती लटकला तरी वाकनार नाई!”

“अहो, हत्ती नाई ना भरती करायचा!”

बारीक दांडा येईपर्यंत दोन महिने त्याच पाइपवर काढले. तळहाताची सालटी निघाली, पण पोरांची पकड अशी झाली की एका पोराची आई तक्रार घेऊन आली. म्हणाली, “सर, याले कामं सांगाची सोय नाई राह्यली. हापशाचा दांडा उपटून आनला यानं!”

* * *

मोजण्यात मी महाकंजूष. हनुवटी वर गेली नाही तर आकडा पुढे सरकत नाही, तोच पुन्हा. आमचा गोलू पहिल्या आठवड्यात लटकला. गोलू म्हणजे नावाप्रमाणेच, सगळीकडून गोल. मी मोजतोय, “एक... दोन... तीन... तीन... तीन... तीन...”

गोलू धपकन खाली पडला, घाम पुसला आणि अगदी काळजीनं विचारलं, “सर, तुमाले तीनच्या पुढचे येत नाईत काय?”

तापट माणूस आहे मी. मैदानाला चार चकरा दिल्या त्याला. पण पहिली चक्कर संपेपर्यंत पाठ फिरवून हसत होतो, खोटं कशाला बोलू!

* * *

याच गोलूनं मग मोबाइलवर कुठंतरी पाहिलं, की वजन कमी तर बीम जास्त. झालं! पोळी बंद, भात बंद, दिवसाला सहा केळी. चार दिवसांनी आला तो भिंत धरत. सहा मारायचा तिथं चार निघाले. पाचव्या दिवशी सिंदीला मावसबहिणीचं लग्न. पंगतीत बसला आणि चार दिवसांची सगळी कसर काढली. पाटवडीचा रस्सा, पोळ्या, वर बुंदी. दुसऱ्या दिवशी पहाटे डोळे चोळत आला आणि मोजून सात मारले!

“सर, बुंदीवर बीम निघते!”

आठवडाभर मैदानावरचं एकेक पोट्टं खिशात बुंदी घेऊन येत होतं. मुंग्या लागल्या मैदानाला. मी किती ओरडलो की अरे बाबांनो, पोटात अन्न गेलं म्हणून निघाले. ऐकतो कोण!

* * *

प्रणाली आली तेव्हा अकरावीत होती. भावाचा टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले. तिचे वडील सुरेशभाऊ, टेम्पो चालवतात, बाजार समितीत सोयाबीन पोचवतात. पोरीला फौजेत जायचं होतं आणि अठराच्या आत अर्ज भरायचा तर बापाची सही लागते. सुरेशभाऊंनी चार पाहुण्यांसमोर सांगून टाकलं, “पोट्ट्यायसारके दहा बीम मारून दाखव, सही करतो.” त्यांना वाटलं विषय संपला. पाहुणेही हसले म्हणे.

पहिल्या दिवशी ती लटकली आणि दहा सेकंदांत खाली. “सर, सुरुवात कुठून करू?”

“लटकण्यापासून.”

महिनाभर पोरगी नुसती लटकली. मग स्टुलावरून वर चढून हळूहळू खाली यायचं. मग पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरच्या ट्यूबची पट्टी कापून आणली, ती बीमला बांधून त्यात गुडघा टेकवून वर जायचं. चार महिने एकही पूर्ण बीम नाही!

गोलूला राहवेना. “काय वं, कपडे वाळत टाकल्यासारकी रोज लटकून राह्यली!”

लटकल्या लटकल्याच म्हणाली, “तू आपले सात सांभाळ.”

पाचव्या महिन्यात तिचा पहिला निघाला. त्या दिवशी सगळ्यात जोरात कोण ओरडलं असेल? गोलूच!

* * *

घरीही सराव सुरूच. एक दिवस स्वयंपाकघराच्या चौकटीला लटकली आणि चौकट सुटून पोरीसकट खाली! बाजूचं पाण्याचं मडकं फुटलं, घरभर पाणी. सुरेशभाऊ जेवत होते. ताट उचललं, ओल्या पायांनी दारात उभे राहिले आणि म्हणाले, “बीम मार म्हनलं होतं. घर पाड नाई म्हनलं!”

चौकट मात्र त्यांनी स्वतःच परत बसवली. गजाननभाऊ सांगत होता, या वेळी लोखंडाचा अँगल मागून नेला, आणि “पक्का पाह्यजे” असं दोनदा बजावलं.

* * *

आता माझी फजिती. बारावीचं वर्ष सुरू झालं, पोरगी सातवर पोचली आणि मी निवांत बसून मुलींच्या भरतीचे नियम वाचले. धावणं आहे, लांब उडी आहे, उंच उडी आहे. बीम नाही! दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आमच्या वेळी मैदानावर मुली कुठं होत्या? मला वाटलं, पोरांना आहे तर पोरींनाही असेल. रात्रभर लाज वाटली. हाताची सालटी काढली पोरीची, एक वर्ष!

सकाळी खाली मान घालून सांगितलं. ती हाताला माती चोळत होती.

“मले माहीत आहे सर. पयल्या दिवसापासून माहीत आहे.”

“मग काऊन मरून राह्यली एवढी?”

“भरतीले नाई लागत सर. बाबाले लागते.”

मी शिट्टी तोंडात घातली आणि उगाच पोरांवर ओरडत सुटलो.

* * *

अर्ज भरायला तीन दिवस उरले होते आणि पोरगी दोन महिने नऊवर अडली होती. त्या सकाळी मैदानाच्या कडेला टेम्पो थांबला. सुरेशभाऊ उतरले. मला रामराम घातला, बीमखाली येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सर, आज मी मोजतो.”

मी बाजूला झालो. प्रणालीनं बापाकडं पाहिलं, उडी मारली, बीम धरला.

“एक,” सुरेशभाऊ म्हणाले. आवाज खणखणीत. सहापर्यंत पोरगी पाण्यासारखी गेली. सातला दम लागला. आठला पाय थरथरायला लागले. नऊला तिच्या तोंडून आवाज निघाला आणि गोलूनं डोळेच झाकून घेतले.

मग ती खाली लटकून राहिली. एक श्वास, दोन श्वास. मी मनात म्हणत होतो, सोडू नको, सोडू नको माय! आणि निघाली वर. इंच इंच निघाली. कोपरं वाकडी, मानेच्या शिरा तट्ट. हनुवटी दांड्याच्या वर गेली आणि तिथं थांबली.

आकडा काही येईना.

मी सुरेशभाऊंकडं पाहिलं. डोळे भरलेले. गोलू ओरडणारच होता, मी त्याचा दंड दाबला. हे त्यांचं त्यांनीच म्हणायचं होतं.

“बाबा... म्हना ना!” वरून पोरगी म्हणाली.

सुरेशभाऊ एकदम पुढं झाले आणि लहान लेकराला झाडावरून उतरवतात तसे दोन्ही हात तिच्या पायांकडं नेले.

“बाबा, हात नका लावू!” ती ओरडली. “हात लावला तं मोजल्या जात नाई!”

सुरेशभाऊंनी हात मागं घेतले.

“दहा,” ते म्हणाले.